उखडलेला रस्ता आणि सहा खिडक्या: सरकारदरबारी गाऱ्हाणं पोचवणाऱ्या सेवांचं परखड परीक्षण

रस्ता नवा होऊन वर्षही झालेलं नाही आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. तक्रार करायची तर खिडक्या भरपूर आहेत. राज्याचं 'आपले सरकार' आणि केंद्राचं सीपीग्राम्स ही तक्रारींची पोर्टलं, अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणं मांडायचा महिन्याचा लोकशाही दिन, माहिती अधिकार, ग्रामसभा, आणि नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांची संपर्क कार्यालयं. यातली प्रत्येक सेवा फुकट किंवा दहा-वीस रुपयांत मिळते, त्यामुळे पैसे बुडायची भीती नाही. बुडतात ते महिने.

मोजपट्टी साधी ठेवली आहे. कागद दिल्यावर क्रमांक मिळतो का, उत्तर द्यायची मुदत कुणाच्या गळ्यात आहे का, आणि गुळमुळीत उत्तर आलं तर वर जायला पायरी आहे का. उदाहरण सगळीकडे एकच, हाच उखडलेला रस्ता.

आधी रस्ता कुणाचा ते बघा

निम्म्या तक्रारी इथेच मरतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्याचं काम महामार्ग प्राधिकरण बघतं किंवा राज्याच्या बांधकाम खात्यातला राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहरात नगरपालिका किंवा महापालिका, पण त्याच शहरातला एखादा रस्ता एमएमआरडीए किंवा रस्ते विकास महामंडळाचाही निघतो. पंतप्रधान ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांची देखभाल असते आणि कडेच्या फलकावर तसं लिहिलेलं असतं. त्या फलकाचा फोटो आधी काढून ठेवा, कारण फलक रस्त्याच्याही आधी गायब होतात.

चुकीच्या दारात दिलेल्या कागदाला 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. ते उत्तर खरं असतं, त्यामुळे भांडताही येत नाही.

पोर्टलं: क्रमांक लगेच, उत्तराचं बघू

'आपले सरकार'ची तक्रार निवारण सेवा २६ जानेवारी २०१५ला सुरू झाली. मोबाइलवर ओटीपी येतो, विभाग किंवा जिल्हा निवडायचा, मजकूर लिहायचा, कागद जोडायचा, क्रमांक हातात. २१ दिवसांत निवारण हे तिचं ब्रीद. सीपीग्राम्सचीही मुदत आता २१ दिवसांचीच आहे. ऑगस्ट २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी ती ३० दिवसांवरून खाली आणली. रात्री अकरा वाजता घरबसल्या काम होतं, आणि अर्ज गहाळ झाला असं कुणी म्हणू शकत नाही. याचे गुण द्यायलाच हवेत.

अडचण 'निकाली' या शब्दात आहे. पोर्टलवर तक्रार निकाली निघते म्हणजे खड्डा बुजतो असं नाही. अधिकाऱ्याच्या पडद्यावरची नोंद बंद होते. 'सदर तक्रार पुढील उचित कार्यवाहीस्तव उपअभियंता यांच्याकडे वर्ग करण्यात आली आहे' एवढं लिहूनही नोंद बंद करता येते. मग तक्रारच अशी लिहावी लागते की वर्ग करून सुटता येऊ नये. त्यासाठी एक शब्द लक्षात ठेवा: दोषदायित्व कालावधी, म्हणजे नवा रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. 'रस्ता फार खराब आहे, योग्य ती कारवाई व्हावी' याला काहीही उत्तर चालतं. 'अमुक रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो आणि त्या मुदतीत ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस दिली का, दिली असल्यास जावक क्रमांक व दिनांक कळवावा' असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याला एक तारीख आणि एक क्रमांक लिहावा लागतो. नाही लिहिला तर उत्तर अपुरं आहे हे तिसऱ्या माणसालाही दिसतं.

सीपीग्राम्सवर उत्तर पटलं नाही तर अभिप्रायात असमाधान नोंदवून ३० दिवसांत अपील करता येतं. ही पायरी बरेच जण चढतच नाहीत. उत्तराचा एसएमएस येतो, चिडून फोन बाजूला ठेवला जातो, महिना उलटतो, अपिलाचं दार बंद. न्यायप्रविष्ट प्रकरणं, माहिती अधिकाराचे विषय, निव्वळ सूचना आणि धार्मिक बाबी तिथे घेतल्या जात नाहीत. केंद्राचं पोर्टल रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग यांसाठी उत्तम. गल्लीतल्या रस्त्याची तक्रार तिथे टाकली तर ती दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून तुमच्याच तालुक्याला येते. वळसा घालून त्याच टेबलावर.

महिना न बुडवता मुदत सुरू करून द्यायला पोर्टल चांगलं. एकट्या पोर्टलवर विसंबू नये. 'आपले सरकार' पाचापैकी अडीच, सीपीग्राम्स केंद्राच्या विषयाला साडेतीन.

लोकशाही दिन: नाव मोठं, अट त्याहून मोठी

महिन्याचा पहिला सोमवार जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांचा, तिसरा सोमवार तहसीलचा. सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. विहित नमुन्यात अर्ज, दोन प्रती, १५ दिवस आधी. आधी तालुका, तिथे भागलं नाही तर जिल्हा. समोर खुद्द जिल्हाधिकारी आणि बाजूला सगळे विभागप्रमुख असतात, हे या सेवेचं बलस्थान. अधिकाऱ्याला साहेबांसमोर 'बघतो' म्हणणं अवघड जातं.

पण अर्ज वैयक्तिक स्वरूपाचा असावा लागतो. 'प्रभागातले सर्व रस्ते खराब' असं दोनशे सह्यांचं निवेदन छाननीतच बाद होतं, आणि लोकांना वाटतं की मुद्दाम डावललं. रस्ता उंच झाल्यामुळे पावसाचं पाणी तुमच्या जोत्यावरून आत येतं, हे मात्र वैयक्तिक गाऱ्हाणं आहे. घरपट्टीची पावती, पाण्याच्या पातळीचा फोटो, आधीच्या तक्रारीचा क्रमांक जोडा आणि तेवढंच मांडा. सेवाविषयक (म्हणजे सरकारी नोकरीतली), अपिलाची आणि न्यायप्रविष्ट प्रकरणंही इथे चालत नाहीत.

तिथे लोकसेवा हक्क कायदा दाखवत बसू नका. २०१५चा तो कायदा अधिसूचित सेवांसाठी, म्हणजे दाखले, नोंदी, परवानग्यांसाठी आहे. तिथे तो धारदार आहे, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. खड्डा ही अधिसूचित सेवा नाही.

माहिती अधिकार: दहा रुपयांत इतकं कुठेच मिळत नाही

लोक ही खिडकी शेवटी गाठतात, राग आल्यावर. खरं तर ती पहिली आहे. खड्ड्यासाठी चालणाऱ्या सगळ्या सेवांमध्ये मुदत कायद्यानेच अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलेली आणि चुकल्यास रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद असलेली ही एकच.

राज्यातल्या कार्यालयांसाठी अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. केंद्राच्या कार्यालयांना ५०० शब्द चालतात. शुल्क दोन्हीकडे १० रुपये, पण भरायची रीत वेगळी, आणि पहिला अर्ज बहुतेकदा इथेच अडकतो. राज्याच्या अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तर चालतो. केंद्राच्या कार्यालयाला तो चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट किंवा रोख लागते. ऑनलाइन भरणार असाल तर दोन पोर्टलं वेगळी आहेत. केंद्राच्या पोर्टलवर राज्यातल्या कार्यालयाचा अर्ज टाकला तर अर्ज परत येतो, शुल्क परत येत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ, दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर 'अध्यक्ष' म्हणून केलेला अर्ज 'नागरिक' या शब्दावर बोट ठेवून फेटाळायला आयताच सापडतो.

मजकुराचं मर्म एवढंच की 'का' विचारू नका, 'प्रत द्या' म्हणा. 'रस्ता निकृष्ट का झाला?' याला 'प्रश्नार्थक माहिती देणे अपेक्षित नाही' असं उत्तर येतं आणि अपिलातही ते टिकतं, कारण कायदा अस्तित्वात असलेल्या अभिलेखाचा आहे, मताचा नाही. उखडलेल्या रस्त्यासाठी असं लिहा:

'अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याच्या १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील डांबरीकरणाच्या कामाबाबत पुढील प्रती मिळाव्यात: (१) कार्यादेश (२) निविदेतील दोषदायित्व कालावधीचे कलम (३) काम पूर्णत्वाचा दाखला (४) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने (५) गुणनियंत्रण चाचणी अहवाल (६) अदा केलेली देयके.'

पन्नासेक शब्दांत भागलं. यातला जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यात आहे. पूर्णत्वाच्या तारखेपासून दोषदायित्व कालावधी मोजला जातो, आणि त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी लिहिलेली असते. उखडलेल्या कडेला टेप लावून ती कुणालाही ताडून पाहता येते.

प्रतीचा दर पानाला २ रुपये. 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर आलं तर वाद न घालता अभिलेख पाहणीची मागणी करा. राज्यात जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघायला मिळावेत अशी शासनाची २०१८ची व्यवस्था आहे. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून तेवढ्याच प्रती मागता येतात. कायद्याच्या कलम २ मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. डांबराचा नमुना मागणारा अर्ज आला की कार्यालयात जी हालचाल होते ती इतर कुठल्याही कागदाने होत नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आहे, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. राज्यात त्याला २० रुपये लागतात. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तिथेही नाही मिळालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ही सेवा तिथेच लंगडते. आयोगापुढची रांग लांब असते आणि सुनावणी येईपर्यंत रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधीच सरलेला असतो. तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. बहुतेक कागद तिथेच, टेबलावर, मिळून जातात. पाचापैकी चार, आयोगाच्या रांगेमुळे एक कापला.

संपर्क कार्यालय: एका दारात चार वेगळ्या सेवा

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाबद्दलची मतं टोकाची असतात. कुणी म्हणतं एका फोनमध्ये काम झालं, कुणी म्हणतं चकरा मारून चपला झिजल्या. दोघंही खरं बोलतात, कारण दोघांनी वेगवेगळी सेवा मागितलेली असते.

पहिली सेवा म्हणजे फोन. बंद दिवा, तुंबलेलं चेंबर, न आलेला टँकर याला फोन पुरतो. स्वीय सहायक कनिष्ठ अभियंत्याला लावतो, संध्याकाळी माणूस येतो. पण फोनची नोंद कुठेच नसते. ज्या कामाला निविदा, निधी किंवा नोटीस लागते तिथे फोन म्हणजे वाफ.

दुसरी म्हणजे पत्र. आमदाराच्या लेटरहेडवरचं पत्र आणि तुमचा अर्ज यांत मोठा फरक आहे, कारण लोकप्रतिनिधींच्या पत्रांचा कार्यालयात वेगळा हिशेब राहतो. केंद्राच्या कार्यालयांना तर खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर देण्याच्या सूचना आहेत. पत्र मागायला जाताना मसुदा तयार न्या. एक पान, एक विषय, एक मागणी, युनिकोडमध्ये टाइप केलेला आणि सहायकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला. हाताने लिहिलेलं पानभर निवेदन तिथे पुन्हा टाइप व्हायच्या ढिगात पडतं. पत्र निघालं की त्याचा जावक क्रमांक घ्या, आणि ते ज्या कार्यालयात गेलं तिथला आवक क्रमांकही. पुढचा सगळा पाठपुरावा या दोन आकड्यांवर चालतो. 'साहेबांनी पत्र दिलंय' या वाक्यावर काही चालत नाही.

आणि प्रती आठ जणांना पाठवू नका. मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, आयुक्त, पोलिस अधीक्षक सगळ्यांना प्रत गेली की सगळी कार्यालयं ती त्याच एका उपअभियंत्याकडे 'उचित कार्यवाहीस्तव' ढकलतात. त्याच्याकडे एकाच खड्ड्याच्या आठ नस्त्या होतात आणि तो आठांनाही 'अहवाल सादर केला आहे' असं कळवून मोकळा होतो.

तिसरी सेवा, निधी. इथे फसगत होते. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये, खासदारालाही ५ कोटी. पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. लोक उखडलेला रस्ता घेऊन जातात आणि म्हणतात, साहेब, निधीतून करून द्या. साहेब आनंदाने हो म्हणतात, कारण भूमिपूजन होतं, फलक लागतो. पण रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल तर ही मागणी म्हणजे ठेकेदाराला दिलेली माफी आहे. ज्याने फुकट दुरुस्त करायचा तो सुटतो आणि त्याच रस्त्याला जनतेचा पैसा दुसऱ्यांदा लागतो. म्हणून आधी माहिती अर्ज, मग संपर्क कार्यालय. हातात पूर्णत्वाचा दाखला असेल तर मागणी बदलते: निधी नको, अमुक तारखेच्या आत ठेकेदाराला दोषदुरुस्तीची नोटीस काढायला लावणारं पत्र हवं. या पत्राला आमदाराचा एक रुपयाही लागत नाही, आणि नाही म्हणायला कारणही उरत नाही.

चौथी सेवा सभागृह. सगळ्यात कमी मागितली जाणारी आणि सगळ्यात जड. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवस. अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला निवेदन घेऊन जाणाऱ्यांना फोटो मिळतो, प्रश्न नाही. आमदाराच्या हातात प्रश्न द्यायचा तर तो सभागृहाच्या साच्यातच द्यावा: '(१) अमुक मार्गाचे डांबरीकरण पूर्ण झाल्यापासून एका वर्षाच्या आत रस्ता उखडला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, दोषदायित्व कालावधीत संबंधित ठेकेदारास दुरुस्तीबाबत नोटीस दिली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' सोबत माहिती अधिकारात मिळालेली पानं जोडली तर सहायकाला शोधाशोध उरत नाही, आणि तयार प्रश्न कुठलाही आमदार नाकारत नाही, विशेषतः विरोधी बाकावरचा.

विधान परिषदेचे सदस्य तर लोकांच्या लक्षातही नसतात. ७८ पैकी ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून. तुम्ही पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल तर तो आमदारही तुमचाच आहे, आणि त्याच्या दारात गर्दी विधानसभेच्या आमदारापेक्षा कमी असते.

नगरसेवकाबद्दल थोडंच. रोजच्या कामाला तोच सगळ्यात जवळचा, पण पद रिकामं असेल तर कागद थेट प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्ताकडे द्यावा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासक होता; त्या काळात माजी नगरसेवकाच्या कार्यालयात दिलेल्या निवेदनाला शिष्टाचारापलीकडे किंमत नव्हती.

फोन आणि पत्राला तीन, निधीला जपून दोन, सभागृहाला साडेचार.

ग्रामसभा आणि समाजमाध्यमं

गावात असाल तर ग्रामसभा सोडू नका. वर्षाला किमान चार होतात, सूचना सात दिवस आधी लागते, गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, आणि नको ते ठराव नेमके त्याच दिवशी गुपचूप मंजूर होतात. विषय आधी लेखी द्या, ठराव क्रमांक घ्या, इतिवृत्तात आपलं म्हणणं जसंच्या तसं उतरलंय का ते वाचून बघा.

समाजमाध्यमावर मंत्र्याला टॅग करणं ही तक्रार नव्हे. पाऊस पडत असताना टाकलेला खड्ड्याचा व्हिडिओ मात्र पुरावा म्हणून ठेवा: तारीख, ठिकाण आणि शेजारी टेप दिसली पाहिजे.

मंत्री 'हो' म्हणाले तर

प्रश्नाला उत्तर देताना मंत्री म्हणतात, 'चौकशी करून कारवाई करण्यात येईल.' टाळ्या पडतात, विषय मागे पडतो. पण सभागृहात दिलेला हा शब्द आश्वासन म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि अशी आश्वासनं पाळली गेली का हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीत तो दिवस, प्रश्न क्रमांक आणि नेमके शब्द शोधा, पान छापा आणि पहिल्या माहिती अर्जाच्या फायलीला लावा. त्या फायलीच्या पुठ्ठ्यावर एकच गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिलेली असावी: दोषदायित्व कालावधी संपायची तारीख.